विश्लेषण : विमान कंपन्या एक होतात, तेव्हा वैमानिकांच्या नोकरीचे काय होते?

विलीनीकरणाच्या घोषणेत 'एकाही कर्मचाऱ्याची नोकरी जाणार नाही' हे वाक्य हमखास असते. वैमानिकांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरेही ठरते. तरीही प्रत्येक विलीनीकरणानंतर वैमानिक संपावर किंवा सामूहिक रजेवर का जातात, याचे उत्तर नोकरीत नाही, सेवाज्येष्ठतेच्या यादीत आहे.

खुलताबाद तालुक्यातील वेरूळची लेणी पाहायला विमानाने येणारा पर्यटक चिकलठाणा विमानतळावर उतरतो. या विमानतळावरून उड्डाण करणाऱ्या कंपन्यांची नावे पाहिली, तरी देशातील विमान व्यवसायाचा गेल्या दोन दशकांचा प्रवास कळतो. येथे वर्षानुवर्षे येणारी इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एअर इंडियाशी एकत्र झाली. जेट एअरवेजचे मुंबईचे विमान २०१९ मध्ये कंपनीबरोबरच थांबले. ट्रूजेटची उड्डाणे २०२२ मध्ये बंद पडली. विमान बंद झाले की त्याचा फटका वेरूळच्या गाइडला, खुलताबादच्या हॉटेलचालकाला आणि टॅक्सीवाल्याला लगेच दिसतो. त्याच विमानाच्या कॉकपिटमधील दोघांचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

विलीनीकरण झाले की वैमानिकांना काढतात का?

सहसा नाही. दोन कंपन्या एक झाल्या की लेखा विभाग, मनुष्यबळ विभाग, तिकीट विक्री, मुख्यालय अशा जागा दुहेरी होतात आणि पहिली कुऱ्हाड तेथे पडते. विमाने मात्र तेवढीच राहतात, ती उडवायला वैमानिकही तेवढेच लागतात. एअर इंडिया आणि विस्तारा यांच्या विलीनीकरणापूर्वी, जुलै २०२४ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली. ती होती प्रत्यक्ष उड्डाणाशी संबंध नसलेल्या कर्मचाऱ्यांसाठी. वैमानिकांना कोणी जा म्हटले नाही.

याचे कारण साधे आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची, तर इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची खरेदी जाहीर केली. एवढी विमाने येणार असताना प्रशिक्षित वैमानिक सोडणे कोणत्याच कंपनीला परवडणारे नाही. म्हणून 'नोकरी राहील का' हा प्रश्न वैमानिकासाठी अपुरा आहे. 'कोणत्या जागी, कोणत्या अटींवर राहील' हा खरा प्रश्न आहे.

सेवाज्येष्ठता एवढी महत्त्वाची का?

इतर नोकऱ्यांत अनुभव माणसाबरोबर चालतो. दहा वर्षे काम केलेला अभियंता कंपनी बदलतो, तेव्हा तो वरच्या पदावर रुजू होऊ शकतो. विमान कंपनीत तसे होत नाही. सहवैमानिकाचा कॅप्टन कधी होणार, लहान विमानावरून मोठ्या विमानावर कधी जाणार, मुक्काम मुंबईत की अन्य शहरात, सणासुदीची सुट्टी कोणाला आधी, हे बहुतांश एका यादीवरून ठरते. मंदी आली आणि कपात करायची वेळ आली, तर यादीतील शेवटचा माणूस आधी घरी जातो. कंपनी बदलली की या रांगेत बहुधा नव्याने उभे राहावे लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, मराठवाड्यातील एक तरुणी एका कंपनीत सहवैमानिक आहे. कॅप्टनपदाच्या रांगेत तिच्या पुढे ५० जण आहेत आणि कंपनी वर्षाला २५ कॅप्टन करते. म्हणजे तिला साधारण दोन वर्षे थांबायचे आहे. आता ही कंपनी दुसऱ्या, जुन्या कंपनीत विलीन झाली. दोन्ही याद्या रुजू होण्याच्या तारखेनुसार एकत्र केल्या आणि जुन्या कंपनीतील १५० जण तिच्या पुढे आले. एकत्रित कंपनी वर्षाला ५० कॅप्टन करत असली, तरी तिची प्रतीक्षा आता चार वर्षांची झाली. तिची नोकरी गेली नाही, वेतनही कापले नाही. दोन वर्षे मात्र गेली आणि त्या दोन वर्षांतील सहवैमानिक व कॅप्टन यांच्या वेतनातील फरकही गेला.

हा फरक घरापर्यंत पोहोचतो. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण, त्यानंतर विशिष्ट विमानासाठीचे टाइप रेटिंग, असा सगळा खर्च ५० लाखांच्या पुढे जातो. जमीन किंवा घर तारण ठेवून मुलांना वैमानिक करणारी कुटुंबे ग्रामीण महाराष्ट्रातही आहेत. त्यांच्या कर्जाच्या हप्त्याचे गणित मुलगा किंवा मुलगी कॅप्टन कधी होणार यावर बसवलेले असते.

२००७ च्या विलीनीकरणात काय घडले?

नागरी हवाई वाहतूकमंत्री प्रफुल्ल पटेल यांच्या काळात, २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. कागदावर कंपनी एक झाली, वैमानिक मात्र दोनच राहिले. एअर इंडियाचे वैमानिक इंडियन पायलट्स गिल्डमध्ये, इंडियन एअरलाइन्सचे इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनमध्ये. वेतनश्रेणी वेगळ्या, भत्ते वेगळे, बढतीच्या वाटाही वेगळ्या.

चार वर्षांनी याचा स्फोट झाला. एप्रिल २०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. त्यानंतर वेतन आणि सेवाज्येष्ठतेचा मेळ घालण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. समितीचा अहवाल २०१२ च्या सुरुवातीला आला, तोवर दुसरी बाजू पेटली होती. नव्या बोइंग ७८७ ड्रीमलायनरचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही दिले, तर आपली मोठ्या विमानांवरील बढती लांबेल, असा गिल्डचा आक्षेप होता. मे २०१२ मध्ये सुरू झालेला हा संप ५८ दिवस चालला. या काळात सुमारे शंभर वैमानिक बडतर्फ झाले आणि गिल्डची मान्यता काढून घेतली गेली. अखेर दिल्ली उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर जुलैच्या सुरुवातीला वैमानिक कामावर परतले.

या संपाकडे तेव्हा 'लठ्ठ पगारवाल्यांचा हट्ट' म्हणून पाहिले गेले. प्रवाशांचे हाल झाले, हे खरेच. परंतु मूळ चूक संपाच्या आधी पाच वर्षे झाली होती. कंपन्या आधी जोडल्या आणि यादी नंतर पाहू, असे ठरवले गेले. धर्माधिकारी समितीचे काम २००७ च्या आधी व्हायला हवे होते.

विस्ताराच्या वेळी वाद कशाचा होता?

टाटा समूहाने जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया ताब्यात घेतली. त्या व्यवहारात सरकारने अट घातली होती की, पहिले वर्षभर एकाही कर्मचाऱ्याला काढायचे नाही आणि दुसऱ्या वर्षी काढायचे झाल्यास स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय द्यायचा. पुढे समूहाच्या चार विमान कंपन्यांच्या दोन झाल्या. १ ऑक्टोबर २०२४ रोजी एआयएक्स कनेक्ट ही एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही एअर इंडियात विलीन झाली. सिंगापूर एअरलाइन्सकडे एकत्रित कंपनीत २५.१ टक्के हिस्सा आला.

त्याआधीच, मार्च-एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराची उड्डाणे रोज मोठ्या संख्येने रद्द होऊ लागली. वैमानिक आजारपणाच्या रजेवर जात होते. कारण होते नवी वेतनरचना. विस्तारात दरमहा ७० तासांच्या उड्डाणाचे वेतन निश्चित मिळत असे, नव्या रचनेत हमी ४० तासांवर आली. त्यापुढच्या तासांचे पैसे प्रत्यक्ष उड्डाण केले तरच मिळणार होते. म्हणजे ज्या महिन्यात कंपनी कमी उड्डाणे देईल, त्या महिन्याचा तोटा वैमानिकाचा. कंपनीला अखेर दिवसाला २५ ते ३० उड्डाणे, म्हणजे सुमारे १० टक्के वाहतूक कमी करावी लागली.

दुसरा मुद्दा निवृत्तीच्या वयाचा होता. नियमानुसार भारतात वयाच्या ६५ पर्यंत व्यावसायिक विमान उडवता येते. पण एअर इंडियात निवृत्तीवय ५८ आणि विस्तारात ६० होते. एका कंपनीतील ज्येष्ठ लवकर गेले तर मागच्यांना बढती लवकर, थांबले तर उशिरा. म्हणून वयाचा वादही शेवटी रांगेचाच वाद होता.

मग विलीनीकरणच नको का?

तसे म्हणता येणार नाही. विलीनीकरणापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे कंपनी बुडणे. एअर डेक्कन ताब्यात घेणाऱ्या किंगफिशरचे उड्डाण २०१२ मध्ये थांबले, तेव्हा कर्मचाऱ्यांचे अनेक महिन्यांचे वेतन थकले होते. सहारा विकत घेणारी जेट १७ एप्रिल २०१९ रोजी जमिनीवर आली. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. किंगफिशर आणि जेट या दोघींनी आधी दुसरी कंपनी गिळली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित नोकरी, हा समज या दोन उदाहरणांनी खोटा ठरवला.

जेटच्या वैमानिकांनी शेवटचे काही महिने वेतनाविना विमाने उडवली. कंपनी पुन्हा उभी करण्याची योजना मंजूर होऊनही प्रत्यक्षात आली नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेट अवसायनात काढण्याचा आदेश दिला. पाच वर्षे थकबाकीची वाट पाहणाऱ्यांच्या हाती वाटपाच्या रांगेतील एक जागा आली. त्याच आठवड्यात विस्ताराचे वैमानिक नव्या कंपनीत रुजू झाले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, तर विलीनीकरण हा वैमानिकासाठी कमी वाईट पर्याय ठरतो. पण कमी वाईट म्हणजे न्याय्य नव्हे.

कायदा वैमानिकाला किती संरक्षण देतो?

विलीनीकरणाची योजना कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे मंजूर होते. कर्मचारी नव्या कंपनीत 'पूर्वीपेक्षा कमी लाभदायक नसलेल्या' अटींवर जातील, असे कलम अशा योजनांत सामान्यतः असते. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मधील कलम २५ एफएफ हेच तत्त्व सांगत होते. मालकी बदलताना सेवेत खंड पडला किंवा अटी बिघडल्या, तर कामगाराला भरपाई. औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्येही ही तरतूद आहे.

येथे दोन अडचणी येतात. पहिली, 'अटी' या शब्दात वेतन आणि सेवेचा कालावधी सहज बसतो, यादीतील क्रमांक बसत नाही. वरच्या उदाहरणातील तरुणीची एकही अट बिघडलेली नाही, तरी तिचे नुकसान झाले आहे. दुसरी, वैमानिक हा कायद्याच्या भाषेत 'कामगार' की व्यवस्थापकीय अधिकारी, हा वाद न्यायालयांत पुन्हा पुन्हा गेला आहे. हा शब्दच्छल नाही. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ नुसार, कंपनी अवसायनात गेल्यास 'कामगारां'चे २४ महिन्यांचे देणे तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने मोजले जाते. इतर कर्मचाऱ्यांचे फक्त १२ महिन्यांचे आणि तेही त्यांच्यानंतर. एका शब्दावर वैमानिकाची थकबाकी मिळणार की बुडणार, हे ठरू शकते.

नोटिशीचा नियम एकतर्फी कसा?

नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला नोकरी सोडताना एक वर्षाची, तर सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. प्रवाशांची गैरसोय टाळणे हा त्यामागचा हेतू. तो चुकीचा नाही. नोटीस काळात कंपनीने वेतन घटवले, तर वैमानिकाला लवकर मोकळे करण्याची मागणी करता येते, एवढी सवलत त्यात आहे.

पण कंपनी बंद पडते, तेव्हा वैमानिकाला एका दिवसाचीही नोटीस मिळत नाही. २०२३ मध्ये नोटीस काळ पूर्ण न करता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध आकासा एअरने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. वेतन थकवून बंद पडलेल्या कंपनीविरुद्ध वैमानिकाला अशी धाव घेऊन हाती काय लागते, हे जेटने दाखवले आहे. विलीनीकरणात या नियमाचा आणखी एक परिणाम होतो. नव्या अटी मान्य नसतील तर सोडून जा, असे म्हटले तरी कॅप्टनला जायला एक वर्ष लागते.

दोनच मोठे मालक उरले तर?

विलीनीकरणाचा हा सर्वांत कमी चर्चिलेला परिणाम आहे. आज देशांतर्गत प्रवाशांपैकी दहातील सुमारे नऊ जण इंडिगो किंवा एअर इंडिया समूहाच्या विमानांनी प्रवास करतात. प्रवाशासाठी याचा अर्थ तिकिटाचे पर्याय कमी. वैमानिकासाठी याचा अर्थ मालकांचे पर्याय कमी. २०१९ मध्ये जेट बंद पडली, तेव्हा तिच्या वैमानिकांना घेण्यासाठी इंडिगो, स्पाइसजेट, विस्तारा, गो एअर अशी दारे तरी होती. त्यातील विस्तारा आज वेगळी नाही आणि गो एअर, म्हणजेच गो फर्स्ट, उडत नाही.

याशिवाय बोइंग ७३७ च्या वैमानिकाला एअरबस ए३२० वर जायचे तर नवे टाइप रेटिंग घ्यावे लागते. इंडिगो आणि एअर इंडियाच्या ताफ्यांत ए३२० कुळातील विमानेच जास्त, तर ७३७ एअर इंडिया एक्स्प्रेस, आकासा आणि स्पाइसजेट यांच्याकडे. कागदावर चार दारे दिसत असली, तरी एका वैमानिकासाठी प्रत्यक्षात एक-दोनच उघडी असतात. मोजकेच मालक असलेल्या बाजारात नोकरी टिकते, पण वाटाघाटीची ताकद टिकत नाही.

अमेरिकेने काय केले?

अमेरिकन एअरलाइन्सने २००१ मध्ये टीडब्ल्यूए विकत घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या अनेक वैमानिकांना एकत्रित यादीच्या तळाशी टाकले गेले. त्यानंतर आलेल्या कपातीत त्यांच्या नोकऱ्या आधी गेल्या. या अन्यायातून २००७ मध्ये मॅकॅस्किल-बाँड कायदा झाला. विलीनीकरणात सेवाज्येष्ठता 'रास्त आणि न्याय्य' पद्धतीने एकत्र करायची आणि एकमत न झाल्यास लवादाकडे जायचे, असे त्याचे सूत्र आहे.

लवाद हा रामबाण उपाय नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांच्या २००५ मधील विलीनीकरणानंतर लवादाने दिलेली यादी एका गटाने मानली नाही आणि वाद जवळपास दशकभर चालला. पण तेथे निदान वाद कोणापुढे न्यायचा, हे ठरलेले आहे. आपल्याकडे ते प्रत्येक वेळी नव्याने ठरते आणि बहुधा संप झाल्यावरच ठरते.

उपाय काय?

तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिली, एकत्रित सेवाज्येष्ठतेचे सूत्र विलीनीकरणाच्या योजनेचाच भाग करावे आणि ते न्यायाधिकरणापुढे मंजुरीपूर्वी मांडावे. मतभेद असतील तर त्यासाठी तटस्थ लवाद आधीच नेमावा. दुसरी, नोटिशीचा नियम दुहेरी करावा. वैमानिकाकडून एक वर्ष मागणाऱ्या कंपनीने काही महिन्यांच्या वेतनाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात राखून ठेवावी. तिसरी, दिवाळखोरीत वैमानिकाचे देणे कोणत्या गटात मोजायचे, हे नियमातच स्पष्ट करावे.

कंपन्यांचा आक्षेप असा की, अशा अटींमुळे अडचणीतील कंपनी घ्यायला कोणी पुढे येणार नाही. राखीव रकमेच्या बाबतीत त्यात तथ्य आहे आणि ती टप्प्याटप्प्याने जमवण्याची मुभा देता येईल. यादीचे सूत्र ठरवायला मात्र पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. विस्ताराच्या विलीनीकरणाची घोषणा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली आणि प्रत्यक्ष विलीनीकरणाला दोन वर्षे लागली. वेळ होता.

वैमानिकांना भरपूर पगार असतो, त्यांची काळजी कशाला, हा प्रश्नही विचारला जातो. पगार चांगला आहे, पण सामान्य प्रवाशाचा संबंध पगाराशी नाही. यादी, थकलेले वेतन आणि दुसरीकडे जाता न येणे या विवंचनेत असलेला माणूस पहाटे पाचला कॉकपिटमध्ये बसावा, असे कोणालाही वाटणार नाही. वैमानिक नाराज झाले की उड्डाणे रद्द होतात, हे २०१२ आणि २०२४ मध्ये दिसले. जेथे दिवसाला मोजकीच विमाने येतात, त्या छत्रपती संभाजीनगरसारख्या शहराला दुसरे विमान पकडण्याचा पर्यायही फारसा नसतो. पुढच्या विलीनीकरणात वैमानिकांची यादी आधी ठरली, तर वैमानिकांइतकाच या शहरांचाही फायदा आहे.